मी नोंदवलेली जखम

आमच्या लंडनच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत यंदा असे छापून आले आहे की, स्लाऊच्या त्या कृष्णवर्णीय सैनिकाला शौर्यपदक मिळाले ते माझ्या पाठपुराव्यामुळे. हे असत्य आहे. स्टॅनमोरला राहणाऱ्या संपादकांना मी फोन केला, तर म्हणाले, "काका, चांगलंच लिहिलंय की तुमच्याबद्दल." चांगले लिहिले म्हणून ते खरे ठरत नाही. ते पदक माझ्यामुळे लांबले.

मी स्लाऊमध्ये जनरल प्रॅक्टिस करीत असे. हे सैनिक माझे रुग्ण; पश्चिम आफ्रिकेतून आलेले, ट्रेडिंग इस्टेट नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला. पहिल्यांदा तपासले तेव्हा त्यांच्या मांडीवर जुना, खोल व्रण दिसला. बाहेर वेटिंग रूम भरलेली होती आणि इस्टेटमधले कामगार असल्या खुणा घेऊन रोजच येत. मी काही न विचारता लिहिले : 'जुनी जखम, कारखान्यातील यंत्र.' इथले लोक आपल्याला न विचारता आपल्याबद्दल काय काय गृहीत धरतात, यावर मी मंडळात तावातावाने भाषणे केली आहेत. मीही विचारले नाही.

खरी हकीकत सात वर्षांनी कळली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातून लढताना, ब्रह्मदेशाच्या लढाईत, मांडीत गोळी असताना, त्यांनी तीन जखमींना एकेक करून पाठीवर घेतले आणि नदी ओलांडून अलीकडे आणले. त्यांतला एक कोकणातला शिपाई होता. आमची मंडळी हा तपशील फार रंगवून सांगतात. तो काठावर पोचताच वारला, हे मात्र गाळतात. पदकाची शिफारस करणारा अधिकारी त्याच आठवड्यात मारला गेला आणि कागद कुठेतरी पडून राहिला.

पुढे त्यांनी स्वतः अर्ज केला. पदकांचे अर्ज तपासणाऱ्या समितीने पुरावा म्हणून डॉक्टरी नोंदी मागवल्या आणि माझी ती ओळ निघाली. अशी नोंद खोडता येत नाही; खाली पुरवणी तेवढी जोडता येते. मी ती जोडली. समितीचे उत्तर आले : पुरवणी उशिरा आणि रुग्णाच्या सांगण्यावरून केलेली आहे, तेव्हा पहिली नोंदच ग्राह्य धरावी लागेल. मी पत्रामागून पत्रे लिहिली. प्रत्येक उत्तर अतिशय सभ्य भाषेत होते.

माझी चूक मी कबूल केली तेव्हा त्यांनी ती हसून सोडून दिली, असेही स्मरणिकेत आहे. त्यांनी ती सोडली नाही. "तुम्हाला तोंड नव्हतं विचारायला?" एवढेच म्हणाले आणि दोन वर्षे दुसऱ्या डॉक्टरकडे गेले.

अखेर त्या पलटणीतल्या दुसऱ्याच एका अधिकाऱ्याच्या नातीला घराच्या पोटमाळ्यावर शिफारशीची प्रत सापडली. तिने ती समितीकडे पाठवली आणि पदक मंजूर झाले. माझ्या पत्रांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. तोवर ते शंभरीला टेकले होते. हाउन्सलोच्या एका केअर होममध्ये असत आणि त्यांची स्मृती जवळजवळ गेली होती.

समारंभ तिथल्याच डायनिंग रूममध्ये झाला. पदक द्यायला आलेल्या बाई भाषणात म्हणाल्या की, या विनयशील गृहस्थांनी कधी कशाची मागणी केली नाही. मी उभा राहिलो. यांनी तीस वर्षे मागणी केली आहे, हे सांगायला तोंड उघडले, तोच पत्नीने कोटाची बाही ओढली. "अहो, बसा." तिचे मी ऐकले नसते. पण पहिल्या रांगेतून त्या सैनिकाची मुलगीही माझ्याकडे पाहून 'नको' अशी मान हलवीत होती. या दिवसासाठी तिने किती वाट पाहिली होती, हे मला ठाऊक होते. मी बसलो.

चहाच्या वेळी मी त्यांच्या खुर्चीशी वाकलो आणि नदीची सगळी हकीकत त्यांना ऐकवली; त्यांनी मला सांगितली होती तशीच, काहीही न वाढवता. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली. छातीवरच्या पदकावर केकचा चुरा सांडला होता, तो बोटाने झटकला.

"शूर माणूस," ते म्हणाले. "त्याला कळवलं का कुणी?"

मी हो म्हणालो.