चोवीस तास पाणी लावायचं नाही

लोक विचारतात, "तुम्ही नक्की करता काय?" मी सांगतो, ओट्यांचे तुटलेले कोपरे भरतो. समोरचा हसतो. हसू द्या. तुमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याचा टवका उडेल, पुसताना बायकोच्या बोटाला ती धार लागेल आणि घर डोक्यावर घेतलं जाईल, तेव्हा माझाच नंबर शोधाल. अख्खा ओटा बदलायचा तर सिंक काढा, शेगडी हलवा, आठ दिवस घरभर धूळ खा. मी एक पिशवी घेऊन येतो आणि दोन तासांत भरून जातो. नंतर कुठं तुटलं होतं ते दाखवा म्हटलं तर मालकिणीलाही सापडत नाही.

मी जळगावात एकटा राहतो. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगी सुरतेला दिली. आमच्या ओट्यावर आता फक्त चहा होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून फोडणीचे वास घ्यायचे आणि घरी येऊन खानावळीचा डबा उघडायचा. डबा उघडताना मला भयंकर राग येतो. कुणाचा ते विचारू नका. खानावळवाल्या बाईचा तर अजिबात नाही, ती बिचारी चांगलं करते.

या धंद्यात दगड ओळखावा लागतो. ग्रॅनाइट सरळ. टवका उडाला तर तेवढाच उडतो, आजूबाजूला शाबूत. थिनरनं पुसायचं, राळेत हार्डनर आणि दगडाची भुकटी कालवायची आणि भरायचं. रंग मात्र दगड ओला करून जुळवायचा, नाहीतर पॉलिश झाल्यावर ठिगळ दिसतं. मार्बल नाजूक, लिंबू सांडलं तरी चट्टा पडतो, आणि त्यात मुरलेली हळद काढता काढता माझा जीव जातो. हल्लीचे ते कारखान्यात बनवलेले पांढरेफटक ओटे तर मला बघवत नाहीत. त्यांच्यावर गरम कढई टेकली की पिवळा डाग, आणि मालकीण माझ्याकडे अशी बघते की कढई मीच ठेवली! राहिला कडप्पा. तो पापुद्र्यापापुद्र्यानं सुटतो. आज इथं भरा, सहा महिन्यांनी शेजारी सुटेल. त्यात काळा दिसावा म्हणून बायका त्यावर तेलाचा हात फिरवतात. ते तेल सोड्यानं धुऊन काढल्याशिवाय राळ धरतच नाही.

दगड कुठलाही असो, निघताना मी एकच सांगतो. चोवीस तास पाणी लावायचं नाही. राळ बसायच्या आत पाणी लागलं की ती पांढरी पडते, आणि मग घासून घासून हात मोडले तरी ते पांढरं जात नाही.

धुळ्याच्या अक्काकडे कडप्पाच होता. मी पहिल्यांदा गेलो त्याला आता साडेतीन वर्षं होऊन गेली. सत्तरीची विधवा, मुलगा परदेशात, घरात एकटी. ओट्याच्या कडेला खलबत्ता ठेवून ठेचा कुटायची, म्हणून कड सुटलेली. मी म्हटलं, "अक्का, खलबत्ता खाली जमिनीवर घेत जा." ती म्हणाली, "गुडघा वाकत नाही रे भाऊ, तूच ये कुटायला." काम आटोपलं तर माझा हात धरून बसवलं. ओट्याला टेकून खाली पाट टाकला, समोर कळण्याची भाकरी, भरीत, वर कच्चं तेल. आणि स्वतःचं ताट घेऊन, एक पाय लांब सोडून माझ्यासमोर बसली. बायको गेल्यापासूनच्या चार महिन्यांत पहिल्यांदा मी कुणाच्या समोर बसून जेवत होतो. भरीत तिखटजाळ होतं म्हणून बरं, डोळ्यांत पाणी आलं ते खपून गेलं.

नंतर तिचे फोन येऊ लागले. इथं पापुद्रा सुटला, तिथं सुटला. एकदा तर साफ नवा टवका होता, बत्ता नेम धरून मारल्यासारखा. मी म्हटलं, "अक्का, हे आपोआप झालं?" ती म्हणाली, "मग काय मी केलं?" आणि पदर तोंडाला लावून हसली. जळगावहून धुळ्याला एसटीनं जाऊन येऊन दिवस मोडायचा. मी एका पायावर तयार असायचो. ते घर मला हवं होतं, खरं सांगतो. काम नको, पैसे नको, तो ओट्याजवळचा पाट हवा होता.

एका श्रावणात तर तिनं कानबाईचे रोट दिले. खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं, कानबाई ही इकडची देवी, ती बसवली की तिच्या नैवेद्याचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. शेजारीपाजारीसुद्धा नाही. तिनं माझ्या ताटात रोट वाढला आणि म्हणाली, "तू मना भाऊच शे." माझा देवीशी काही संबंध नाही, तरी मी खाल्ला. देवीचा म्हणून नव्हे, तिनं दिला म्हणून.

आता माझी चूक सांगतो. आम्ही बौद्ध. हे मी तिला सांगितलं नव्हतं. खोटं बोललो नव्हतो, पण तिनं गाव विचारलं तेव्हा असोदा सांगून थांबलो होतो. असोद्याचा म्हटलं की लोक केळीचं शेत, कापूस, सगळं मनानंच जोडतात आणि जातही स्वतःच ठरवून मोकळे होतात. तिनंही ठरवली असणार. माझ्या आजोबांना कुणाच्या स्वयंपाकघराची चौकट दिसली नाही, आणि मी दिवसभर ओट्यांवर कोपरं टेकून असतो. त्यासाठी मी गप्प राहायला शिकलो. बाप असता तर त्यानं माझ्या कानाखाली जाळ काढला असता.

गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे सिंकजवळची कड भरत होतो. हात राळेनं भरलेले, तेवढ्यात दीपनगरहून मेव्हण्याचा फोन आला. मी कोपरानं स्पीकर लावला. मेव्हणा मोठ्यानं बोलणारा. "दाजी, पौर्णिमेला विहारात वंदना आहे, भोजनदान आपल्याकडे आहे, या." मी येतो म्हटलं. फोन बंद झाला. अक्का डाळ निवडत होती, ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "तुम्ही विहारात जाता?" तीन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही! मी हो म्हटलं. ती म्हणाली, "बरं." त्या दिवशी जेवणाचं नाव निघालं नाही. तिचं डोकं दुखत होतं म्हणे. मी चोवीस तासांचं सांगितलं आणि निघालो. गाडीत स्वतःला समजावत होतो, अरे, म्हातारं माणूस आहे, डोकं दुखत असेल.

दहा दिवसांनी तिचा फोन आला. "ती कड खराब झाली, येऊन बघा."

गेलो. बघायला काही उरलंच नव्हतं. काळ्या कडप्प्यावर भरलेली कड चुना लावल्यासारखी पांढरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चुकून थेंब उडाला तर ठिपका पडतो. इथं बादलीनं पाणी ओतलेलं होतं, आणि तेही मी जिना उतरतो न उतरतो तोच. माझ्या हातचं काम आहे, एवढं मला कळतं.

"अक्का, पाणी कधी लावलं?"

"काय माहीत. राळच खराब असेल तुमची."

मला असा संताप आला की पिशवी उचलून निघालोच होतो. म्हटलं, "राळ चांगली आहे. तुम्ही ओटा धुतला. मी गेल्या गेल्या धुतला. आणि तीन वर्षं मला समोर बसवून जेवू घातलं, रोट दिला, तेव्हा नाही धुतला!"

"तेव्हा माले कुठं माहीत होतं?" ती एकदम म्हणाली. आणि मग खालीच बसली, तो न वाकणारा गुडघा धरून. रडायला लागली. "मना हात थांबना नई, भाऊ. मनात म्हणत होते, नको, नको. तरी बादली भरली. गोमूत्र टाकलं. धुताना रडत होते, आईची शपथ. दहा दिवस तो पांढरा पट्टा बघते आहे. स्वयंपाक होत नाही मला इथं."

मला तिचा राग होता, कीवही येत होती, आणि सगळ्यात जास्त भीती वाटत होती की आता हे घर गेलं. याची लाज वाटते, पण तसंच होतं. तिनं फोन केला नसता तर मला काही कळलं नसतं. पट्ट्यावर डबे मांडून ठेवता आले असते तिला. तिनं बोलावलं, एवढं मी धरून बसलो.

ब्लेडनं सगळी पांढरी राळ खरवडून काढली. सोड्यानं पुसलं, वाळवलं, पुन्हा कालवून भरलं. झाल्यावर तिनं पाट टाकला, ओट्याजवळच. "बठ, जेवीसन जाय." भरीत होतं. तिनं एकाच वाडग्यातून दोघांना वाढलं आणि माझ्यासमोर बसून पहिला घास स्वतः खाल्ला, मला दिसेल असा. मी जेवलो. एक भाकरी मागून घेतली.

अजून जातो मी. फोन आला की जातो, पाट असतो, भाकरी असते, ती पुन्हा अरेतुरे करते. निघताना ती दार लोटून घेते आणि मी बाहेर चपला घालायला उगाच वेळ लावतो. आत नळ सुटतो का, ते ऐकत. नळ सुटतो. दोन ताटं असतात, भांडी घासायचीच असतात, हे मलाही समजतं. तरी पाणी बंद होईपर्यंत मी तिथून हलत नाही.