तुटक रेघेचा माणूस

देवावर विश्वास ठेवणारी माणसं मी ढिगानं पाहिली, नवऱ्यावर विश्वास ठेवणाऱ्या बायकाही पाहिल्या, पण रस्त्याकडेच्या सरकारी फलकावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. 'येथे लवकरच' एवढं वाचलं की त्याला पुढचं वाचायची गरज पडत नसे. नोकरी नगररचनेच्या कचेरीत, ट्रेसरची. ट्रेसर म्हणजे साहेबांच्या नकाशावर पातळ कागद ठेवून रेघा गिरवणारा. झालेला रस्ता अखंड रेघेनं दाखवायचा आणि व्हायचा असलेला तुटक रेघेनं, हे त्यानंच मला सांगितलं. जन्मभर त्यानं इतक्या तुटक रेघा गिरवल्या की शेवटी त्याला दोन्हींतला फरक दिसेनासा झाला. मी सातवी नापास. चाळीस वर्षं मार्केट यार्डातून टेम्पो हाकला. मला रस्ता कळतो तो कमरेला. कमर दुखली की रस्ता वाईट, नाही दुखली तर बरा. नकाशा मी कधी उघडला नाही. त्यामुळे आम्हा दोघांचं एका ताटात कधी जमलं नाही, आणि बायका सख्ख्या बहिणी असल्यामुळे ताट काही वेगळं करता आलं नाही.

त्याला पत्ता विचारणं म्हणजे पाप. "त्या पुलावरून उतरलात की डावीकडे," असं तो इतक्या ठामपणे सांगणार की माणूस निमूट निघायचा आणि तासाभरानं फोन करायचा की पूल कुठाय. पूल नकाशात असायचा. त्याच्या धाकट्या मुलीच्या लग्नात तर त्यानं कहर केला. पत्रिकेच्या मागं कार्यालयाचा नकाशा स्वतःच्या हातानं काढला, सुबक, बाण-बिण घालून. त्यात एक ऐंशी फुटी रस्ता होता, एक भुयारी मार्ग होता आणि मेट्रोचं स्टेशन होतं. तिन्ही मंजूर, तिन्ही न झालेली. साताऱ्याहून आलेली वऱ्हाडाची बस त्या ऐंशी फुटी रस्त्यानं जी निघाली ती एका गोठ्यात शिरली. गोठेवाल्यानं पत्रिकेवरचा नंबर लावून कळवलं, तुमचं वऱ्हाड माझ्याकडं आलंय, म्हशी बिथरल्यात, घेऊन जा. मुहूर्त टळला, व्याही शेणानं भरलेल्या नव्या मोजड्या हातात धरून आले आणि काय वाट्टेल ते बोलले. साडूनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रस्ता चुकला नाहीत तुम्ही. जरा लवकर आलात."

भूमिपूजन म्हटलं की इस्त्रीचा सदरा घालून हा पहिल्या रांगेत. कुणी बोलावलेलं नसायचं. पुढाऱ्यांना वाटायचं हा कार्यकर्ता, कार्यकर्त्यांना वाटायचं हा अधिकारी. फुटलेल्या नारळाचं खोबरं रुमालात बांधून घरी आणायचा आणि देवापुढं ठेवायचा. मी एकदा म्हटलं, अहो, एकाच रस्त्याचं भूमिपूजन मी तीनदा बघितलंय, तीन वेगळ्या माणसांच्या हातून. एवढ्या पूजेनं भागत नसेल तर त्या जमिनीला भुताटकी असेल. पूल बांधायचा, मग मेट्रोला आडवा येतो म्हणून पाडायचा, मग परत बांधायचा. आमच्या यार्डात कुणी तेच पोतं तीनदा चढवून उतरवलं असतं तर हमालांनी त्याला धुतला असता. यावर तो दयेनं बघायचा. म्हणायचा, "साडूभाऊ, हे नियोजन असतं." नियोजन हा शब्द आला की मी चहा मागायचो.

मेट्रोचा थोडा भाग सुरू झाला तेव्हा तर हा वेडा व्हायचाच राहिला. दर सोमवारी डबा घेऊन या टोकाहून त्या टोकाला आणि परत. काम काही नाही. डब्यात सगळी पोरं मोबाइलात मान घालून बसलेली आणि हा एकटा खिडकीतून खांब बघतोय. शेजारचा बिचारा ऑफिसला निघालेला असला तर त्याला दोन खांबांतलं अंतर ऐकावं लागायचं. विमानतळाची नवी इमारत झाली तेव्हा तिथंही गेला. तिकिटाशिवाय आत सोडेनात. पोलिसानं विचारलं, कुठं जायचंय? हा म्हणाला, "जायचं नाही, आलोय." मग बाहेरच कठड्यावर बसून पोळीभाजी खाल्ली आणि संध्याकाळी आम्हाला येऊन सांगितलं, छत फार छान आहे. जन्मात विमानात बसला नाही.

पण खरी करामत पुढंच आहे. कचेरी नवा आराखडा काढते तेव्हा लोकांकडून हरकती आणि सूचना मागवते. पुण्यात हरकत घ्यायला माणूस कमी पडत नाही. आमच्याकडे शेजारच्याच्या तोरणावरही हरकत निघते. या गृहस्थानं मात्र अर्ज केला तो असा, की कात्रजच्या आमच्या गल्लीत रस्तारुंदीची रेघ गिरवताना ट्रेसरकडून चूक झाली असून रेघ चार फूट रस्त्याच्या बाजूला सरकली आहे, तरी ती दुरुस्त करून माझी कंपाउंडची भिंत रस्त्यात घ्यावी. सुनावणीला साहेबांनी दोनदा विचारलं, घ्यावी की घेऊ नये? हा म्हणाला, घ्यावी. साहेबानं हरकतीच्या रकान्यात लिहावं की सूचनेच्या, यावर तिथं अर्धा तास गेला म्हणे. भिंत गेली. भिंतीला लागून माझ्या मेव्हणीचा शेवगा होता, तोही गेला. मेव्हणी दोन दिवस चुलीजवळ गेली नाही. रस्ता अजून झालेला नाही. आता तिथं चारचाकी लावतात, ज्यांच्याकडे आहेत ते.

आता मुद्द्याचं लिहितो. हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारं आणखी एक माणूस होतं, आणि ते माझ्या घरात होतं.

आम्ही बिबवेवाडीत, ते कात्रजला. अंतर म्हणाल तर काही नाही. जवानीत आमची ही डोक्यावर पापडांचा डबा घेऊन बहिणीकडे चालत गेलेली आहे. पुढं हिचे गुडघे गेले, साखर वाढली. तिकडं मेव्हणीला दमा. रस्ता खणायला घेतल्यापासून धुळीनं तिला दाराबाहेर पाय टाकता येईना. मग एकदा हीच रिक्षानं निघाली, मी बरोबर. चौकाच्या अलीकडे जे अडकलो ते हलेना. दोन्ही बाजूंना पत्रे, मधे आम्ही. साखरेच्या माणसाला बाथरूमला थांबवत नाही. ही म्हातारी बाई रिक्षात मान खाली घालून बसली, आणि व्हायचं ते झालं. रिक्षावाला भला होता, काही बोलला नाही, तिथूनच गाडी वळवून घरी आणून सोडलं. त्यानंतर ही कात्रजचं नाव काढायला तयार नाही. साडू आला की मात्र पाणी देताना हळूच विचारायची, भाऊजी, कुठवर आलं? हा कागद काढायचा, भुयार दाखवायचा, आपल्या भागातलं स्टेशन दाखवायचा. गार हवा, सरकते जिने, पाच-सात मिनिटांत बहिणीच्या दारात. ही ऐकताना अशी बसायची, जशी कीर्तनाला. मला म्हणायची, मेट्रो झाली की मी रोज जाणार, तुमचा स्वयंपाक तुम्ही बघा.

त्या दिवसासाठी तिनं एक साडी वेगळी काढून ठेवली होती. साडी तशीच राहिली. गेल्या वर्षी ती गेली. शेवटचं वर्षभर दोघी बहिणी फोनवरच. बहिणीला शेवटचं बघायला मेव्हणी आली ती नाकाला ओला टॉवेल लावून, आणि उशिरा.

दहाव्याला घाटावरून आलो आणि मला राहवलं नाही. चार माणसांत मी त्याला म्हणालो, "तुमच्या कागदानं खाल्ली तिला. होणार होणार करून बसवून ठेवलीत." तो रुमालानं चष्मा पुसत बसला. मग कुणाला ऐकू जाणार नाही असा बोलला. "मी खोटं नाही बोललो साडूभाऊ, मला खरंच वाटायचं. पण तुम्ही चाळीस वर्षं पहाटे चारला गाडी काढलीत. पहाटे रस्ता मोकळा असतो. तुम्हाला ठाऊक होतं."

मला ठाऊक होतं. माझ्याइतकं ते पुण्यात कुणाला ठाऊक नसेल. टेम्पो विकला असला तरी पहाटेची रिक्षा मिळते. साडेचारला निघालो असतो तर हिनं उजाडायच्या आत बहिणीच्या हातचा चहा घेतला असता. पण मेट्रो होतेय म्हटल्यावर मलाही ते सोयीचं झालं. पहाटे उठायचा मला कंटाळा आला होता, जन्मभर उठून. हे मी तेव्हा बोललो नाही. त्याला दार दाखवलं. वर्षभर आम्ही बोललो नाही.

गेल्या महिन्यात वर्षश्राद्ध आलं. आदल्या दिवशी मेव्हणीचा फोन. म्हणाली, "दाजी, ताईचं पान मला इथं वाढायचंय. तिला इथं यायचं होतं. तुम्ही या." माझा मुलगा त्याच्या घरी विधी करणार होता, त्यालाही तिनंच समजावलं. मी पहिल्या बसनं निघालो. रस्त्यावर दूधवाले आणि मी. पंधरा मिनिटं लागली असतील नसतील. कंडक्टर उतरा म्हणाला तेव्हा मला वाटलं, बस बंद पडली.

मेव्हणीनं दार उघडलं. ओले केस, हातात तांब्या. माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्या मागं बघितलं. मागं मोकळा जिना. मग म्हणाली, "या. चहा टाकते." साडू आत खाटेवर बसला होता. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याची नजर गेली, मग माझ्याकडे. त्याला कळलं. एरवी असा मौका त्यानं सोडला नसता. पण त्या दिवशी तो उठला आणि माझ्यासाठी खाटेवरची घडी सारखी करून जागा केली, बस. दिवसभर मेट्रो नाही, पूल नाही, काही नाही. मेव्हणीनं पान वाढलं, अळूची भाजी बहिणीला आवडायची तशी केली होती, आणि आम्ही तिघं त्या चौथ्या पानाकडे न बघता जेवलो.

दुपारी तो मला स्टॉपवर सोडायला आला. मी नको म्हटलं तरी आला. ऊन रणरणतं, रस्ता तुंबलेला, पत्र्यांच्या पलीकडे यंत्राची घरघर. मी वाट बघत होतो की आता हा भुयाराची खोली सांगेल, किती मीटर आत आहे ते. त्यानं सांगितलं नाही. छत्री उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली, स्वतः उन्हात. मी म्हटलं, अहो, जा तुम्ही, उन्हानं चक्कर येईल. तो म्हणाला, "येईल की बस. तोवर थांबतो."

बस तासभर आली नाही. एरवी मी सरकारच्या सात पिढ्यांपासून सुरुवात केली असती. त्या दिवशी मला घाई नव्हती.