बंद केला, सही

दादाच्या शेजारच्या सुलूचा फोन आला तेव्हा मी त्याच्या डब्यासाठी भेंडी चिरत होते. "कुंदाताई, दादा उठत नाहीयेत ओ..." एवढंच म्हणाली ती. खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आला तो गॅस. मग आठवलं, त्याची शेगडी तर मीच उचलून दादरला माझ्या घरी आणली होती. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय थांबलं. त्याला आता सहा आठवडे झाले.

दादा माझा थोरला भाऊ. अख्खं आयुष्य काळाचौकीच्या एका खोलीत गेलं. मिलमध्ये कापड तपासायच्या खात्यात होता. इंचात धागे किती ते भिंगातून मोजायचे आणि खिशातल्या चपट्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार करायचे. बाजूला सरकवायचं बटण, आत दोन इवलेसे सेल. मिल गेली, तो कॅल्क्युलेटर राहिला. माझी नवी साडी दिसली की पदर याच्या हातात. "कुंदे, फसवलं गो तुला. धागे कमी आहेत." मी चिडायचे, सुखानं नेसू दे म्हणायचे, आणि पुढच्या वेळी आपणहून पदर पुढे करायचे.

दोन वर्षांपूर्वी ते सेलचं सुरू झालं. पूर्वी वर्ष-वर्ष चालणारे सेल चार दिवसांत मरायला लागले. आधी वाटलं, सेल डुप्लिकेट असतील. दुसऱ्या दुकानातून आणले. आतल्या पत्र्या खोडरबरानं घासल्या. एक दिवस मला म्हणाला, "बाहेर काढून ठेवलेला सेल टिकतो. आत घातला की संपतो, बंद असला तरी. आणि बंद असताना मला पडद्यावर पुसट शून्य दिसतं गो." नाही ते दिसायला लागलं याला, म्हटलं. त्याच आठवड्यात त्याचं दूध उतू गेलं होतं. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई मी, लगेच दोन आणि दोन चार केले. दादा बंद करायला विसरतो. आज कॅल्क्युलेटर, उद्या गॅस... एकटा राहणारा माणूस, चाळीत अख्खी बिऱ्हाडं. मला झोप लागेना.

डॉक्टरांकडे नेला. त्यांनी तारीख विचारली, आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. सगळं बरोबर सांगितलं त्यानं, पण शर्ट घामानं भिजला होता. जिन्यात थांबून म्हणाला, "पास झालो काय गो मी?" हो म्हटलं, आणि तरी दुसऱ्या दिवशी शेगडी उचलली. तो दारात उभा होता. "मग चहा?" "थर्मासमधून पाठवते." थर्मास रोज अर्धा भरलेला परत यायचा. मला ते कळत होतं, पण भीती जास्त होती.

त्यानंतर त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या चौकटीत, 'बंद केला', आणि खाली सही. तरी चौथ्या दिवशी सेल मेलेला. एकदा मला जवळ बोलावून चौकटीवर बोट ठेवलं. "ही सही माझीच ना?" स्वतःच्या सहीवरचा त्याचा विश्वास उडाला होता, आणि मी मान डोलावून विषय बदलला.

"लालबागच्या घड्याळवाल्याला दाखवशील?" म्हणाला. "बारीक स्क्रू आहेत, माझे हात थरथरतात." दसरा होऊ दे, म्हटलं. दसऱ्याला त्याच्या भिंगाची आणि कॅल्क्युलेटरची पूजा व्हायचीच. वहिनी होती तोवर ती करायची, फूल आणि चिमूटभर कोरडं कुंकू. ती गेल्यापासून तीन दसरे मीच केले. मला ओली हळद आवडते, ठसठशीत उमटते. झेंडू वाहिला, बोट टेकवलं, त्यानं हात जोडले. पंधरा दिवसांनी सुलूचा फोन आला.

तेरावं झाल्यावर कॅल्क्युलेटर घेऊन घड्याळवाल्याकडे गेले. का गेले, माहीत नाही... दादाचं एक काम माझ्याकडे राहिलं होतं. घड्याळवाल्यानं मागचं झाकण उघडलं, मीटर लावला. "मावशी, बटण बंद आहे. तरी करंट जातोय." मग डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघत राहिला. "याची पूजा करता काय?"

"दसऱ्याला. का?"

"बटणाच्या फटीतून हळद आत गेलीय. ओली लावत असणार. थर बसलाय, हवेतल्या दमटपणानं सुकतच नाही. त्यातनं करंट फिरतोय. तुम्ही बंद करा नायतर चालू ठेवा, याला सारखंच. बंद असताना पडद्यावर शून्य दिसायचं असेल, पुसट."

मी त्याच्या स्टुलावर बसले. हळद नेहमी त्या बटणावरच लावायचे मी. आकड्यांवर नको, खराब होतील, म्हणून.

त्यानं स्पिरिटनं पुसून नवे सेल घातले. दादाचं कॅलेंडर मी माझ्या ओट्यावर लावलंय. रोज संध्याकाळी एकदा चालू करते, बंद करते, चौकटीत लिहिते. तीन आठवडे झाले, सेल तेच आहेत. काल ओट्याखालची त्याची शेगडी बाहेर काढली, जोडली, तिच्यावर दोन कप चहा ठेवला आणि उकळेपर्यंत समोरून हलले नाही. मग गॅस बंद केला, आणि कालच्या चौकटीत माझ्या सहीच्या वर लिहिलं... दादा, तू बंद केला होतास.