भागीरथीआत्यांचं रक्त

मला बघायला आल्या तेव्हा भागीरथीआत्यांनी आधी पाणी मागितलं. मी तांब्या-भांडं पुढे केलं. त्यांनी एक घोट तोंडात धरला, सावकाश फिरवला आणि अंगणात थुंकला. मग माझ्या वडिलांकडे न बघता मुलाला म्हणाल्या, "खाऱ्या पाण्यावरची माणसं. तुला हीच पायजे व्हय?"

विलासला हीच पाहिजे होती. आम्ही पेणला आयटीआयमध्ये एकत्र शिकलो होतो. आमचं गाव वडखळच्या पलीकडे, खाडीला लागून. वडील मिठागरावर कामाला. विलासचं गाव रोह्याकडे, अष्टमी या गावापासून आत, भाताचं आणि वालाचं. मधलं अंतर एका एसटीचं, पण आत्यांच्या लेखी ते दोन मुलखांचं होतं. लग्नानंतर त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी 'खारपाटीण', म्हणजे खाऱ्या मुलखातली बाई, होते, ती शेवटपर्यंत.

त्या उंच होत्या, ताठ चालायच्या. भाताचं बी राखावं तर त्यांनीच. आसपासच्या गावांतून लोक त्यांच्याकडे बियाणं मागायला येत, आणि त्या सुपातला एकेक दाणा दाताखाली तोडून बघत. "बी खोटं तर आवण खोटा," म्हणायच्या. म्हणजे बियाणं वाईट असलं की रोपंही वाईटच उगवणार. हाच नियम त्या माणसांनाही लावायच्या. कोणाची पोर पळून गेली तर, "तिची आजी पण तसलीच." कोणाचा मुलगा नापास झाला तर, "मामाकडचं डोकं हाय." जगातल्या सगळ्या खोटेपणाचं मूळ त्यांना कोणाच्या तरी रक्तात सापडायचं. स्वतःचं रक्त त्यांनी कधी तपासलं नव्हतं, कारण त्यात काही असणं शक्यच नव्हतं.

माझी मुलगी झाली तेव्हा वडील सुकट आणि मिठाची पिशवी घेऊन आले. मिठागरात आयुष्य गेलेल्या माणसाचे पाय असतात तसे त्यांचे पाय होते, भेगाळलेले, कडेनं पांढरे. आत्यांनी त्यांना ओटीवर पोतं टाकून बसवलं.

"पायांना काय झालंय?"

"मिठाचं हाय ते. जुनंच."

"पोरीत उतरतं काय?" असं म्हणून त्यांनी वडिलांच्या मांडीवरून बाळ उचललं आणि त्याचे तळवे उजेडाला धरून पाहिले. वडील चहा न घेता चपला घालून निघाले. त्यानंतर ते त्या घरी कधी आले नाहीत.

आत्यांना मशेरीची सवय होती. तंबाखू तव्यावर भाजून, चुरून त्या डबीत भरून ठेवत. सकाळी, जेवणानंतर आणि दिवेलागणीला मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून बोटानं हिरड्यांना चोळत. त्यांची मुलगी, माझी नणंद शालूवन्सं, लहानपणी दाढदुखीनं रडत होती तेव्हा आत्यांनी आपल्याच बोटानं तिच्या दाढेला मशेरी लावली. तेव्हापासून वन्संच्याही कमरेला डबी आली. लग्न होऊन शेजारच्या गावी गेल्या तरी माहेरी आल्या की दोघी मायलेकी त्या उंबऱ्यावर बसायच्या. आत्या एरवी कोणाला जवळ करत नसत, पण तिथे वन्संचं डोकं त्यांच्या खांद्याला टेकलेलं असायचं.

आत्या एका बाजूनं जेवायला लागल्या हे मला भाकरीच्या कडांवरून कळलं. कडक भाग त्या ताटातच ठेवत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्या हाताला मीठ जास्त. तोंड सोललंय." पेणच्या डॉक्टरांनी गालात बॅटरी मारली आणि लगेच मुंबईला जायला सांगितलं. तिथे अर्धा जबडा काढला. जखम भरते न भरते तोच मानेत गाठ आली. तेव्हा तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या की गाठीचा तुकडा आणि रक्त, दोन्हींचे जीन तपासून बघू. नेमक्या बिघाडावर नेमकं औषध असलं तर देता येईल.

जीन म्हणजे घराण्याचं काहीतरी, एवढं आत्यांना कळलं. गावात त्यांनी आधीच सांगून टाकलं, "माझ्या बापाकडे असलं काय नाय. घरात बाहेरचं आलं, त्यानं झालं." बाहेरची मीच होते. विहिरीवर बायका माझ्याकडे बघून गप्प व्हायला लागल्या.

रिपोर्ट घ्यायला मीच त्यांच्याबरोबर गेले; विलासला शिफ्ट सोडता येत नव्हती.

"बापाकडनं आलं का आयशीकडनं?" आत्यांनी विचारलं. शब्द एका बाजूनं सांडत होते.

"कोणाकडूनच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या रक्तात दोष नाही. तो फक्त गाठीत आहे. मशेरीनं गालाच्या पेशी वर्षानुवर्षं दुखावत राहिल्या, आणि वाढीला लगाम घालणारा जीन मोडला. तुमच्या मुलांत हा उतरलेला नाही."

"त्याला औषध?" मी विचारलं.

"या जीनवर अजून नाही. पण पेशीच्या बाहेरच्या अंगाला एक कडी असते. ती वाजली की पेशी वाढते. त्या कडीवर जाऊन बसणारं इंजेक्शन आहे. काही महिने मिळतील."

आत्यांनी पदरानं ओठाची कड पुसली. मग म्हणाल्या, "म्हंजे मी केलं."

"मशेरीनं केलं, आजी."

"मशेरी काय आपली चालत आली तोंडात?"

परतताना कासू स्टेशन गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "हे घरात बोलायचं नाय. रक्तातलं हाय, म्हणायचं."

"आणि शालूवन्सं? त्या अजून लावतात."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या. "आये, डाक्टरीण काय बोलली?"

"रक्तातलं," आत्या म्हणाल्या.

"नाही वन्सं," मी म्हटलं. "मशेरीचं आहे. तुम्ही आजच सोडा."

आत्यांनी उरलेल्या अर्ध्या तोंडानं मला उत्तर दिलं. "खारपाटीण खोटं बोलते. मी मरायला टेकले तरी मलाच दोष देते."

वन्संचे डोळे भरले. "वयनी, या टायमाला तरी आयेला सोड. आणि रक्तातलंच हाय तर मला पण होणार. डबी टाकून काय मिळवू?"

इंजेक्शनं सुरू झाली. आत्यांचा गोरा चेहरा पुटकुळ्यांनी भरला. औषध लागू पडतंय त्याची ही खूण आहे, असं डॉक्टर म्हणाले. गावातल्या बायका दारातूनच परत फिरायच्या. पण गाठ खरोखर उतरली. आत्या मऊ भात खाऊ लागल्या, बोलणं सुधारलं. एका दुपारी त्यांच्या तोंडाला मलम लावताना मी म्हटलं, "आत्या, आता बरं वाटतंय. वन्संना खरं सांगा. तुमचंच ऐकतील त्या."

त्यांनी माझा हात धरून थांबवला.

"तिच्या तोंडात मी घातली ती. माझ्या बोटानं. हे कळलं तर मी मेल्यावर ती माझ्यासाठी रडंल काय गो?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा 'गो' म्हटलं होतं. मला कीव आली, आणि रागही. मी म्हटलं, "नाही रडल्या तरी जगतील." त्यांनी हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

शिमगा उलटल्यावर इंजेक्शनाचा गुण संपला. गाठ परत आली आणि आतून फुटली. शब्द गेले, गिळणं गेलं. शेवटच्या आठवड्यात वन्सं उशाशी बसून होत्या. एका सकाळी आत्यांनी त्यांच्या कमरेकडे बोट केलं. वन्संनी डबी उघडली, चिमूटभर मशेरी घेतली आणि आईच्या उरलेल्या हिरडीला हलकेच लावली. मग तेच बोट स्वतःच्या तोंडात घातलं. आत्या बघत होत्या. नको म्हणून मान हलवायला त्यांना अजून येत होतं. मी दारातून म्हटलं, "आत्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

दोन दिवसांनी त्या गेल्या. वन्सं इतक्या रडल्या की अष्टमीहून आलेल्या बायकांनाही त्या आवरेनात.

अलीकडे मी वन्संना दर सणाला बोलावते आणि मागच्या दारी नेऊन गालात बॅटरी मारते. त्या हसून तोंड उघडतात. परवा आतल्या बाजूला नखाएवढा पांढरा चट्टा दिसला.

"उद्या पेणला जायचं," मी म्हटलं.

"उद्या कापणी हाय, वयनी. आणि रक्तातलं कुठं पळून जातंय?"