स्वयंपाकघर रस्त्याच्या अंगाला

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मूर्ख वाक्य मी एका गवंड्याशी बोलले.

कराडचं आमचं घर बांधायचं होतं. मोकळ्या जागेवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढून खोल्या आखल्या होत्या. मी नवी सून, चहाचा ट्रे घेऊन रेघा ओलांडत चाललेली. गवंड्यानं विचारलं, "वहिनी, स्वयंपाकघराची खिडकी कुठं काढू?"

आणि ही बावळट पदर सावरत, मान खाली घालून म्हणाली, "ह्यांच्या मनाला येईल तिथं."

वर मनातल्या मनात खूश, की आता सगळे म्हणतील, काय गुणाची पोरगी आहे. कुणी म्हटलं नाही.

ह्यांच्या मनाला आलं, बैठक लांब पाहिजे. मग जिना सरकला, तो स्वयंपाकघराच्या भिंतीला येऊन चिकटला आणि माझी खिडकी गेली. बैठकीला तीन खिडक्या, मला वर एक झरोका, मांजराचंसुद्धा डोकं अडकलं असतं. मी कुरकुर केली तेव्हा हे म्हणाले, "भिंतीकडं तोंड असलं की कामं भराभर उरकत्यात."

हे वाक्य मी बरणीत घालून ठेवलं.

एकदा बैठकीतून सांगावा आला, चार कप चहा. मी भिंतीकडं तोंड करून चहा केला, शेजारच्या पोरीच्या हाती पाठवला. कपबश्या उचलायला गेले तेव्हा बैठक रिकामी होती. हे म्हणाले, "तुझा भाऊ येऊन गेला. त्याला गाडीची गडबड होती."

कवठे महांकाळहून आलेला माझा भाऊ. मी केलेला चहा पिऊन गेला आणि मला त्याची पाठसुद्धा दिसली नाही. त्या संध्याकाळी आमटीत इतकं मीठ पडलं की ह्यांनी दोनदा तांब्या रिकामा केला. पण तेवढ्यानं माझं काय भागणार?

गेल्या वर्षी मुलानं विश्रामबागेत घर बांधायला काढलं. नकाशा काढणारी मुलगी लॅपटॉप घेऊन आली. तिनं ह्यांना विचारलं, "आजोबा, तुमची बैठक कशी हवी?" हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "काहीबी चालंल. हिला विचारा."

मला विचारा. बघा, देव असतो.

मी त्या मुलीशेजारी खुर्ची ओढून बसले ती जेवायलाच उठले. स्वयंपाकघर पुढं, रस्त्याच्या अंगाला आणलं, ओट्यावर ही एवढी मोठी खिडकी. बैठक मागं ढकलली. तिलाही खिडकी ठेवली, मी काही दुष्ट नाही. ती शेजाऱ्यांच्या भिंतीवर उघडते.

राहायला गेल्यावर चार दिवसांत ह्यांची तक्रार आली. "आगं, हितनं काय दिसतच न्हाई."

म्हटलं, "भिंतीकडं तोंड असलं की पेपर भराभर वाचून होतो."

तरी बरणी पुरती रिकामी झाली नव्हती. मग एका सकाळी ओट्यावरून दिसलं, ह्यांचे कराडचे एक जुने दोस्त फाटक उघडतायत. हातात पिशवी, चाल सावकाश. मी त्यांना स्वयंपाकघरातच बसवलं. चहा दिला, भडंग दिलं, नातवंडांची चौकशी केली. ते म्हणाले, "आमचा गडी कुठाय?"

"झोपलेत," मी म्हणाले. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"मग उठवू नका वहिनी." आणि बिचारे निघून गेले.

ते कोपऱ्यावर वळेपर्यंत मी खिडकीतून पाहिलं. मग ह्यांचा चहा घेऊन मागं गेले.

"तुमचे कराडचे दोस्त येऊन गेले," मी म्हणाले. "थांबा म्हटलं, पण त्यांना गाडीची गडबड होती."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. समोरच्या भिंतीकडं बघत बसले. कपावर साय धरली तरी हात लावला नाही. मी उठून दारापर्यंत आले, तेव्हा मागून म्हणाले,

"त्याला गडबड न्हवती. तुझ्या भावालाबी न्हवती."