रंगाचा क्लास आणि सासूबाईंची एकच अट

चिंध्यांचं एक बरं असतं, गाठोडं भरलं की दिसतं. किस्से कधी साठले ते कळतच नाही. एखाद्या लग्नाच्या मांडवात आमच्या क्लासातली जुनी मैत्रीण भेटते, नुसतं एवढंच म्हणते, "तो टॉवेल आठवते काय वो?" आणि मी पदर तोंडात कोंबते. मग पोरीबाळी मागे लागतात, "आजी, आम्हालेबी सांग नं!" घ्या, सांगते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमचं घर पिपरी मेघेला. तेव्हा तिथं घरं कमी आणि तुरीची वावरं जास्त. नालवाडीला एका हॉलमध्ये बायांसाठी वर्कशॉप सुरू झालं. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते पाच. कापड रंगवायचं, पण बाजारातल्या पुडीनं नाही. पळसाची फुलं, डाळिंबाची सालं, हळद, हिरडा, असल्या रंगानं. शिकवायला पुण्याकडच्या एक मॅडम.

मी तेव्हा पंचेचाळिशीची. शाळेचं तोंड पाहिलं ते पोरांना सोडायला गेले तेव्हाच. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला बसवून काहीतरी शिकवणार होतं! दोन दिवस सासूबाईंच्या मागे-मागे फिरले. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "जाय. पन घरी एक बी तक्रार आली, का क्लास बंद!"

कोणाची तक्रार, ते काही त्यांनी सांगितलं नाही. म्हणजे कोणाचीही!

*

पहिल्या दिवशी मॅडमनी प्रत्येकीला वही आणि पेन दिला. मी माझी वही परत केली.

"मॅडम, मले लिहता नाई येत."

"अहो मावशी, मग मापं लक्षात कशी राहणार?"

"पोराईचे जन्म, गाईचे वेत, कोनाच्या लग्नात कोनतं लुगडं आलं, सारं डोक्यातच हाय. त्याच्यात तुमचा हिरडाबी माईन."

बाया हसल्या. मॅडमही हसल्या, पण वही माझ्यासमोर ठेवूनच गेल्या.

दीड महिन्यानं काय झालं, मॅडम वाकून डाळिंबाचं पातेलं ढवळत होत्या आणि काखेतली त्यांची स्वतःची वही सुळकन पातेल्यात! काठीनं बाहेर काढली. कागद असा सोनेरी रंगला होता म्हणता, वा! फक्त शाई तेवढी उरली नव्हती. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. दोन वर्षांची मापं गेली.

मी माझी कोरी वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सुरू झाले. कापडाला तुरटी किती, हिरडा रात्रभर की दुपारभर, पळस कधी उतरवायचा. मॅडम लिहून लिहून घामाघूम.

"मावशी, जरा हळू सांगा ना!"

"हळू कायले? लिहता येते नं तुमाले!"

*

आता तो टॉवेल. माझी शेजारीण कांता, तिच्या नवऱ्याचं किराणा दुकान. आम्ही दोघी बरोबरच क्लासला जायचो. कांतानं एक पांढरा टॉवेल हळदीत असा पिवळाधमक रंगवला की सगळ्या जणी जळल्या. घरी नेऊन तो आरशाजवळ अडकवला.

सकाळी तिचा नवरा, म्हणजे आमचे शेठ, दाढी करायला बसले. दाढी झाली, साबणाच्या तोंडानंच त्यांनी टॉवेल ओढला आणि गाल पुसला. हळदीला साबण लागला की ती लाल होते. हे आम्हाला क्लासात शिकवलं होतं, शेठला कोण शिकवणार? टॉवेल लालभडक!

"मेलो! कांता, मेलो! नस कापली!"

गळ्याला टॉवेल दाबून, बनियनवर, स्कूटर काढून थेट डॉक्टरकडे. डॉक्टरांनी शेठला आडवं केलं, चष्मा लावून गाल पाहिला, मान पाहिली. साधा ओरखडासुद्धा नाही. तोवर मागून कांता पोचली.

"अवो, रक्त नाई ते. हळद हाय."

शेठ उठून बसले. "कोनती हळद?"

"आपल्याच दुकानातली. वायगावची, महागातली."

"वायगावची?" शेठ पुन्हा आडवे झाले. "त्याच्यापरीस रक्त गेलं असतं तं परवडलं असतं!"

तसेच तणतणत आमच्या घराकडे निघाले, माझ्या सासूबाईंना सांगायला. मी खिडकीतून पाहते तर टॉवेल हातात घेऊन शेठ गल्लीत! पण कांता मागून शांतपणे म्हणाली, "जा नं, सांगा. हळदीले भिऊन बनियनवर पळालो, हे बी सांगजा."

शेठ कोपऱ्यावरूनच परत.

*

मग आली बांधणी. कापडात एकेक हरभरा ठेवायचा, वरून दोरा गच्च गुंडाळायचा, की रंगल्यावर तिथं गोल ठिपका उमटतो. मी मोठी हौस केली. एका ओढणीत तीनशेच्या वर हरभरे बांधले. थंड हळदीच्या पाण्यात बुडवली आणि घमेल्यात झाकून ठेवली. त्यात भाऊबंदांत एक बारसं निघालं आणि घमेलं विसरले.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंची हाक आली. "सूनबाई, तुह्या ओढनीले शेपट्या फुटून राह्यल्या!"

पाहते तर खरंच! प्रत्येक गाठीतून पांढरा कोंब बाहेर. आता ही तक्रार धरायची की नाही? बाहेरून तर आली नव्हती, पण घरातली तक्रार चालते असंही कुठं ठरलं होतं?

सासूबाई पाटावर बसल्या, एकेक दोरा सोडला, एकेक हरभरा टोपल्यात टाकला. अन्न फेकायचं नाही, हा त्यांचा कायदा. संध्याकाळी ताटात मोड आलेल्या हरभऱ्याची उसळ. आमच्या ह्यांनी दोनदा मागून घेतली.

"आज रंग लय झकास आला वो माय! काय टाकलं?"

सासूबाई म्हणाल्या, "काईच नाई टाकलं बापा. नुसती ओढनी सोडली."

*

एकदा मॅडम म्हणाल्या, घरातल्याच वस्तूचा ठसा बनवा. कोणी बटाटा कोरला, कोणी कांदा कापला. मी भेंडीची वरची बाजू कापून रंगात बुडवली. कापडावर अशी पाच पाकळ्यांची फुलं उमटली! मग काय, घरातल्या पाव शेर भेंडीची डोकी घेऊन मी नालवाडीला.

रात्री आमचे हे भाजी चिवडत बसले. "आज भेंडीले डोकं काऊन नाई?"

"वर्कशॉपले नेलतं."

हे म्हणाले, "एकटं नाई गेलं म्हना. तुहंबी तिथंच असते!"

*

काळ्या रंगाची तऱ्हा वेगळी. मडक्यात गूळ, पाणी आणि गंजलेलं लोखंड टाकायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि वीस दिवस उन्हात सोडून द्यायचं. ते आंबतं, फसफसतं, लोखंड पाण्यात उतरतं. मग हिरड्यात भिजवलेलं कापड त्यात बुडवलं की डोळ्यांदेखत काळंकुट्ट! मॅडमनी प्रत्येकीला मडकं आपापल्या घरी ठेवायला सांगितलं. पुण्याकडच्या बाईला काय माहीत! आमचा जिल्हा दारूबंदीचा. इथं घरामागं गुळाचं मडकं आंबत ठेवायचं म्हणजे हातभट्टीच लावली म्हणायची.

मी ते गोठ्याच्या भिंतीआड ठेवलं. आठव्या दिवशी वास अंगणात, दहाव्या दिवशी गल्लीत. बाराव्या दिवशी ह्यांनी दारातच नाक वर केलं. "आपल्या घरी कोनी पाहुना येऊन राह्यला काय?"

पाहुणा तेराव्या दिवशी आला. चौकीचा जमादार! एका गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा कोंबलेला, हातात कागदाची चिठ्ठी. कोणीतरी नाव न टाकता लिहून दिली होती. सासूबाई ओट्यावर वाती वळत होत्या.

"मावशी, तुमच्या सुनेच्या नावानं तक्रार हाय. मडकं दाखवा."

पोलिसाचं भय नव्हतं मला. पोलिसांनी नेलं असतं तर खरं कळल्यावर सोडलं असतं. क्लास गेला असता तर गेलाच!

जमादार मडक्याजवळ बसला. फडकं सोडलं, हुंगलं.

"वास तं तोच हाय."

"साहेब, रंग हाय तो. कापडाचा."

"सारेच काईबाई म्हंतात बाई!" असं म्हणून त्यानं बोट बुडवलं आणि सरळ तोंडात घातलं. लगेच थुंकला. "थू! दारू नाई हे. हे तं..."

आणि थांबला. कारण सासूबाई आणि मी, दोघीही त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होतो.

खर्ऱ्यात सुपारी असते, आणि लोखंडाच्या पाण्याला सुपारी म्हणजे हिरड्याची सख्खी बहीण. दात काळे, जीभ काळी, ओठांचे कोपरे काळे! मी आतून आरसा आणून दिला. त्यानं पाहिलं. तोंड मिटलं. पुन्हा उघडून पाहिलं. रुमालानं खसाखसा घासलं, तसं जास्तच चमकलं.

"मावशी!" तो रडवेला झाला. "संध्याकाळी माह्या पोरीले पाहाले पाहुने येऊन राह्यले वो! हे जाईन नं?"

मी सांगायला तोंड उघडलं, तोच सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"जाईन," त्या म्हणाल्या. "एका वस्तूनं जाते. वस्तू घरात हाय."

"मंग द्या नं लवकर!"

"आगोदर ते चिठ्ठी फाड."

जमादारानं चिठ्ठीकडे पाहिलं. आरशाकडे पाहिलं. पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं. मग टर्रकन फाडली, चार तुकडे केले.

सासूबाई निवांत उठल्या, विळीवर लिंबू चिरलं आणि अर्धं त्याच्या तळहातावर ठेवलं. तो मोरीजवळ उकिडवा बसून घासत राहिला. हळूहळू पुढचे दात पांढरे झाले. मागचे काही होईनात. त्यानं दुसऱ्या अर्ध्यासाठी हात पुढे केला.

सासूबाईंनी ते अर्धं पदराच्या टोकात बांधलं आणि गाठ मारली.

"हे राहू दे बाबू, दुसरी चिठ्ठी आली तं लागन. मडकं अजून सात दिस हाय."