बशीत वाळवलेलं औषध

आमच्या डॉक्टरीणबाई पेट्रोल घेण्याआधी त्याचा थेंब बोटांवर चोळत, हुंगत आणि मगच टाकीचं झाकण उघडू देत. पांढऱ्या पातळात, स्वतः मोटार चालवत त्या पंपावर उतरल्या की कल्याणातले भले भले विडी विझवून उभे राहत. त्या पुढे गेल्यावर काय बोलत, ते सोडा.

मी त्यांच्याकडे नवी नर्स होते. पेट्रोल मऊ कातड्यातून गाळून टाकीत ओतायचं काम माझ्या गळ्यात. पाणी, कचरा वर राही आणि माझी कुरकुरही. "इतका चहासुद्धा कोणी गाळत नाही," मी एकदा म्हटलं.

"चहात गाळ आला तर तू तोंड वाकडं करशील. यात आला तर एखादी बाळंतीण वाटेत राहील."

पंपवाला एकदा लाडात आला, "बाई, भारी पेट्रोल आलंय. तुम्हाला साधं शोभत नाही."

"माझी शोभा राहू द्या, माझ्या गाडीचं वय बघा. म्हाताऱ्याला पैलवानाचा खुराक घातला म्हणून तो कुस्ती मारणार आहे का?"

मग मुंबईहून एक विक्रेता आला, इंजिन साफ ठेवणारं औषध घेऊन. कुरळे केस, दातांत हसू. मला तर ते औषध न बघताच पटलं! "घेऊया ना बाई," मी म्हटलं. बाईंनी चमचाभर बशीत ओतून उन्हात ठेवलं. संध्याकाळी बशीला चिकट थर. "हे इंजिन साफ करणार की सारवणार? घाण आधी आतच जाऊ देऊ नये, पोरी. बाळंतिणीच्या खोलीचं तेच, गाडीचं तेच."

त्या पावसाळ्यानंतर मुरबाड रस्त्यावरच्या एका खेड्यात आम्ही बाळंतपणाला गेलो. मूल झालं, पण आईचा रक्तस्राव थांबेना. तिला मागच्या सीटवर घेऊन बाई दोन्ही हातांनी तिचं पोट दाबून बसल्या. हात काढला की संपलं.

"चालव," त्या म्हणाल्या.

"मी? मला दवाखान्याच्या फाटकापर्यंतच चालवता येते!"

"मग कल्याणपर्यंत फाटक आहे असं समज."

मी हुंदके देत निघाले. गिअर असा करकरला की शेतातले बैल वळून बघू लागले. पण इंजिनाने ठसका म्हणून दिला नाही, चढावरही नाही. मागून आवाज येत होता, "रड खुशाल. पाय मात्र काढू नकोस."

इस्पितळात पोहोचलो. संध्याकाळी त्या बाळंतिणीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मागाहून आलेल्या तिच्या सासूने आमच्या बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मी नुसतं दाबून धरलं होतं, मावशी."

"मंग आनलं कोनी?"

बाईंनी माझा दंड धरून मला पुढे ओढलं. "हिने."

नाक लाल, केस पिंजारलेले, पातळ चिखलाने माखलेलं. माझ्या लग्नातले फोटो तुम्ही पाहिलेत. त्यांत मी बरी दिसते. देखणी मी त्या संध्याकाळी दिसत होते.